चढाला उतरायचं

गणपतीवरचा माझा विश्वास कधी डळमळला नाही, डळमळला तो माणसांवरचा. गुडघ्याचं ऑपरेशन टळलं तर सायकल घेऊन, स्वतःच्या पायांनी राजूरला दर्शनाला येईन, असा नवस मी बोलले होते. ऑपरेशन टळलं. पण जालन्याहून एवढ्या लांब एकटीनं जायचं नाही, असं घरच्यांनी बजावलं, म्हणून मी दर चतुर्थीला राजूरला जाणाऱ्या एका सायकल ग्रुपमध्ये नाव घातलं. कुणालाही मागे सोडत नाही, असं त्यांच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

माझं वजन पंच्याण्णव किलो. मी शाळेत शिकवते. कुणाला चिडवलेलं मला वर्गात खपत नाही. इथे मात्र चांगली शिकलीसवरलेली माणसं 'मॅडम, टायरची हवा बघा' म्हणून हसायची. तेही एक वेळ चाललं असतं. खरा संताप यायचा चहाच्या थांब्यावर. ही मंडळी पुढे जाऊन निवांत बसणार, पोहे खाणार, आणि मी घामानं निथळत पोचले की आमचे म्होरके, कापडाचे व्यापारी, टाळी वाजवून म्हणणार, "आल्या मॅडम, चला निघू." म्हणजे विश्रांती कुणाला, तर जे दमलेच नाहीत त्यांना! मी पाणीसुद्धा उभ्यानंच प्यायचे.

सगळ्यांच्या मागून एक जीप यायची. मागे राहिलेल्यांना गोळा करते म्हणून तिचं नाव झाडू. राजूरच्या अलीकडच्या चढावर मी हट्टानं पायडल मारत राहायचे, कारण ग्रुपमध्ये चढावर उतरणं म्हणजे नाक कापलं जाणं. अर्ध्यात दम संपायचा, झाडू हजर व्हायचा आणि पुढचा रस्ता जीपमधून. ते दर्शन नवसात कसं धरायचं? चार चतुर्थ्या अशाच गेल्या. पाचव्या वेळी म्होरक्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की मॅडमनी सरळ जीपमध्येच बसून यावं, उगाच खोळंबा होतो. मी सायकलवर बसले आणि रस्ताभर गणपतीशी भांडले. तुझ्या पोटाला कुणी हसत नाही देवा, मग माझ्याच का, असंही बोलून गेले.

चढ लागला, छाती भरून आली आणि मागून आवाज आला, "झाडूऽ, झाडू घ्या." वळून पाहिलं तर जीप नव्हती. जुन्या काळ्या सायकलवर शिंदीच्या झाडूंचा ढीग लादलेले एक म्हातारे चाचा होते. रस्त्यालगतच्या वस्तीला हाळी देत, सायकल हातात धरून चालत होते. माझी धडपड पाहून ते म्हणाले, "ताई, चढाला उतरायचं. मी तीस वर्सं झाले उतरून राह्यलो."

लोक हसतात, मी म्हणाले, आणि मला रडूच आलं.

"हसू द्या. मालक वर बसलाय, त्याला कुठं जल्दी हाय?"

मी उतरले. आम्ही दोघं आपापली सायकल ढकलत चालू लागलो. जीप आली, हॉर्न वाजले, मी हातानंच पुढे जा म्हणाले. चढ संपल्यावर चाचा एका फाट्याला वळले. त्यांचं नाव विचारायचंही राहिलं. ते कोण, कुणी पाठवले, याचा मी खल करत नाही. झाडू बोलावला नव्हता, आणि आला तो हा आला, एवढंच मला ठाऊक आहे.

मंदिरात पोचले तेव्हा आरती होऊन गेली होती. 'सगळे आले' असं लिहून फोटोही ग्रुपवर पडला होता. त्या सगळ्यांत मी नव्हते. म्होरक्यांनी टाळी वाजवली, "आल्या मॅडम, चला."

"तुम्ही निघा," मी म्हणाले. "मी आत्ता आलेय. मी बसणार."

आणि बसले, देवासमोर, चांगली मांडी घालून. राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. पण एवढे दिवस नवस फेडायला मीच जोर लावत होते, आणि देवाला फक्त मी उतरायला हवं होतं, हे कळून डोळे भरून आले. मी हात जोडले ते चाचांसाठीही.

बाहेर जीप तेवढी थांबली होती. तिच्यात प्रसादाची पिशवी ठेवली आणि मी सायकलवर बसले. पहिल्याच चढाला उतरले.