आईचे फोटो साध्या कॅमेऱ्यात अडकलेत

मित्रांनो, प्लीज वाचा. आज दुपारी हिंदमाताला रस्त्यावर तुंबलेल्या पावसाच्या गुडघाभर पाण्यात माझी पिशवी पडली. आत दोन कॅमेरे होते, माझा साधा डिजिटल आणि दादाचा वॉटरप्रूफ.

दादाचा नुसता पुसला आणि सुरू झाला. त्यात त्याचे मालवणच्या समुद्रातले मासे आहेत. माझा बंदच पडलाय. त्यात गेल्या महिन्यात गेलेल्या आईचे शेवटचे फोटो आहेत. मी कार्डही टाकलं नव्हतं, सगळे कॅमेऱ्याच्याच मेमरीत आहेत.

दादरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आशा ठेवू नका."

दादा एवढंच म्हणाला, "आईचे फोटो काढायला तेव्हा तू माझा मागितला होतास गं. मीच नाही दिला." मग दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही दोघंही रडलो.

भिजलेल्या कॅमेऱ्यातून कुणाला फोटो परत मिळालेत का? कुठे नेऊ, सांगा ना.