कागदावर नसलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलींजवळ तर नाहीच. आता तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात मॅट्रिकला होते. आई लवकर गेलेली, वडील अबोल. शेजारच्या खोलीत पद्मा राहायची. तेलुगू घर, तिचे वडील कापडाच्या मागावर कामाला, आणि तिची आई — आम्ही सगळेच त्यांना अम्मा म्हणायचो — दिवसभर उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. पद्मा सोडून मला मैत्रीण नव्हती. ती नसती तर शाळेतून आल्यावर मी कुणाशी बोलले असते?

आम्ही दोघी एक खेळ खेळायचो. तो पद्मानेच काढलेला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एका बेटाचा नकाशा, सापशिडीतला फासा आणि दोघींचं एकेक कल्पनेतलं माणूस. माझा एक सरदार होता, तिची एक खलाशीण — चंद्रा. फासा पडेल तशी संकटं यायची. पण पद्माचा एक नियम होता. आपलं माणूस मनापासून काय मानतं, ते आधी वहीत लिहायचं. मग फासा काहीही पडो, त्याच्या उलट वागायचं नाही.

"कशापायी ते हटून बसंल, ते ठरव की," ती म्हणायची. "त्याबिगर फासा टाकायचा न्हाय."

मला ते जमायचं नाही. शाळेच्या फळ्यावरचे सुविचार मी सरदाराच्या नावाने उतरवून काढले. खरं बोलावं. दुबळ्यांना मदत करावी. पद्मा पोट धरून हसली. "ह्यो सरदार न्हाय, हेडमास्तर हाय!"

तिचं पान मात्र वेगळं होतं. चंद्राच्या तोंडून लिहिलेलं, म्हणून सगळीकडे 'मी'. 'मला विचारल्याशिवाय कुणी माझी वाट ठरवायची नाही.' 'भीती वाटली तरी नांगर उचलायचा.' सोळा वर्षांच्या मुलीला हे कुठून सुचत होतं? मला का सुचत नव्हतं?

मॅट्रिक झाल्यावर तिला पुण्याला नर्सिंगला जायचं होतं. वडिलांना ते नको होतं; भिवंडीचं एक स्थळ सांगून आलेलं. अम्मांनीच त्यांना थोपवून धरलं होतं. पोरगी शिकू दे, लग्न मागनं बघू. सगळं त्यांच्या एका शब्दावर टेकलेलं होतं आणि मला ते माहीत होतं — पुरतं माहीत होतं.

एकदा पद्मा म्हणाली, "हॉस्टेलातल्या पोरींना बी शिकवीन की आपला खेळ." आनंदात होती, सहज बोलून गेली. मी हसले. आतून मात्र — कसं सांगू? मी इथेच, या खोलीत. आणि आमचं बेट तिकडे, अनोळखी मुलींच्या घोळक्यात.

त्याच आठवड्यात एका दुपारी अम्मा तिची वही घेऊन आमच्या दारात आल्या. पद्मा रॉकेलच्या रांगेत गेली होती. अम्मांना मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं.

"सुमन, सारखं ह्यात लिवत बसती पोरगी. काय हाय गं? वाचून दाव."

खेळ आहे, अम्मा. एवढंच तर म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही. वाट ठरवण्याचं ते वाक्य मी जसंच्या तसं वाचलं. अम्मांच्या कपाळावर आठी पडली, पण त्या पुढचं ऐकायला थांबल्या. मग कागदावर बोट ठेवून, ओळीवरून सरकवत, मी तिथे नसलेलं वाचलं — 'विड्या वळणाऱ्या आईची मला लाज वाटते. एकदा पुण्याला गेले की मी परत येणार नाही.'

अम्मांनी तंबाखूने पिवळी झालेली बोटं पदराला पुसली. "परत वाच," म्हणाल्या.

मी परत वाचलं. एक अक्षर न चुकता.

"मी इचारलं म्हणून तिला सांगू नको," एवढं बोलून त्या गेल्या.

पेपर संपले आणि महिन्याभरात पद्माचं लग्न झालं. निघण्याआधी ती माझ्या खोलीत येऊन बसली होती. "अम्मा माझ्याशी धड बोलतच न्हाय गं. माझं काय चुकलं?" मी म्हटलं, मला काय माहीत.

तिला अडवून मला काय मिळालं? ती सोलापुरातही राहिली नाही. ती गेली त्या संध्याकाळी आणि पुढच्या कितीतरी संध्याकाळी मी भिंतीपलीकडचा आवाज ऐकत बसले. तिथे सुपातली पानं कातरणाऱ्या कात्रीखेरीज काही वाजत नव्हतं.

भिवंडीहून तिची पत्रं यायची, शाळेत शिकलेल्या मराठीतच. अम्मा ती माझ्याकडेच घेऊन यायच्या — माझ्याइतका विश्वास त्यांचा कुणावर होता? मी ती खरीखुरी वाचायचे. प्रत्येक पत्रात असायचं, अम्मा, तुझी लई आठवण येते. अम्मा ऐकायच्या आणि म्हणायच्या, "लिवायला काय जातंय." तेव्हा सांगता आलं असतं. दर पत्राला सांगता आलं असतं.

अम्मा गेल्या त्या तसंच मानत गेल्या.

पद्मा अजून दिवाळीला फोन करते. मागच्या खेपेला बोलता बोलता म्हणाली, अम्मा शेवटपर्यंत माझ्यावर का रुसून राहिली, काही कळलंच न्हाय बघ. मी म्हटलं, जुन्या माणसांचं तसंच असतं.

ते वाक्य माझं होतं. पद्माने ते कधीच लिहिलं नव्हतं.