गारांचं पाणी

माझी थोरली जाऊ आणि मी, आम्हा दोघींचे नवरे सख्खे भाऊ. आखातातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या या गावात दोघंही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. चैत्रात जाऊबाईंनी कुरडयांचा घाट घातला. इमारतीच्या गच्चीला मालकाचं कुलूप, म्हणून त्या म्हणाल्या, "वादीत घालू." वादी म्हणजे इथला ओढा. एरवी कोरडा, तळाला स्वच्छ खडी, वर कडक ऊन. गावाकडे उन्हाळ्यात नदीच्या कातळावर आम्ही हेच करायचो.

लुगडं पसरून कुरडया घातल्या. समोर डोंगराचा माथा पांढरा दिसत होता. सकाळी तिथे गारा पडल्या होत्या.

"काश्मीर बघून घे फुकटात," जाऊबाई हसल्या.

काठावरच्या घरातली अरबी म्हातारी दारात येऊन ओरडायला लागली. डोंगराकडे हात करायची, मग आम्हाला वर बोलवायची.

"वहिनी, ती काय सांगतेय?"

"तिला कुरडया हव्यात. अगं, डोक्यावर ढग तरी आहे का?"

मलाही ते पटलं. आमच्याकडे ओढ्याला पाणी येतं ते डोक्यावर पाऊस पडल्यावर. वर वितळलेल्या गारा उन्हातून खाली येतील, हे कुणाच्या मनात येणार?

आधी दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग वळणावरून पाणी आलं, गढूळ, गारा अजून तरंगत असलेलं. मी काठाकडे पळाले. जाऊबाई लुगड्याची टोकं गोळा करायला वाकल्या.

"तू हो पुढे, आलेच मी."

म्हातारीने माझं मनगट धरून मला वर ओढलं. मागे वळून बघितलं तर लुगडं नव्हतं आणि त्याही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या सापडल्या, बऱ्याच खाली, पुलाच्या खांबाशी.

त्यांना गावाला पाठवायचं होतं. कागदपत्रं होईपर्यंत शवागारात ठेवलं होतं. मोठे भाऊजी माझ्याशी फारसे कधी बोलत नसत, मीही त्यांच्यासमोर गप्पच असायची. त्या दिवशी तेच म्हणाले, "सवाष्ण गेली ती. कुंकू तू लाव. मला नाही जमणार."

मी बोटावर कुंकू घेतलं. कपाळ बर्फासारखं गार, त्यावर सारखे थेंब धरत होते. लावलं की ओघळायचं. पदराने पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा ओघळलं.

भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"लागलं का?"

"लागलं," मी म्हणाले आणि चादर वरपर्यंत ओढली.