पोथी उघडी असताना सांगितलेली गोष्ट

एका माणसाला माझ्यामुळे गाव सोडावं लागलं. मी त्याला हात लावला नव्हता, त्याचं नावही घेतलं नव्हतं, आणि याच आधारावर मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. पण मी एक गोष्ट सांगितली होती. जिथे सांगायला नको तिथे बसून सांगितली होती, आणि शेवटी तिचा शेवट बदलला होता. हे तिन्ही गुन्हे माझेच.

तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो. शेलूबाजारहून आत, गाडीवाटेनं जावं लागे अशा एका गावात माझी शाळा होती. श्रावणात मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी पोथी लागायची. गावातले एक म्हातारे ओव्या वाचायचे आणि मी अर्थ सांगायचो, कारण अकोल्याला राहून मॅट्रिकपर्यंत शिकलेला गावात मी एकटाच होतो. पोथीचा एक नियम होता. कुणी कुणाला शिकवलेला नव्हता, पण लहान पोरालाही ठाऊक होता. पोथीचं फडकं सुटलं की ते पुन्हा बांधेपर्यंत कुणी उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही आणि शंका घ्यायची नाही. त्या वेळात कानावर पडेल ते सगळं पोथीतलंच.

निंदणाचे दिवस. माणसं वाकून वाकून दमलेली असत. अर्थ ऐकताना डुलक्या घेत आणि फडकं बांधलं की लगेच घरी जात. माझ्या मनाला ते लागायचं. चार माणसं आपल्या तोंडाकडे बघत बसली आहेत, या सुखाची मला चटक लागली होती. म्हणून एका संध्याकाळी म्हातारे पोथी बांधायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. "थांबा, एक दाखला सांगतो," म्हणालो. पोथी उघडी राहिली, म्हणून माणसंही बसून राहिली.

दाखला कसला, ती एका इंग्रजी कादंबरीतली गोष्ट होती. अकोल्याला खोलीत बरोबर राहणाऱ्या मुलाजवळ ती होती. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळे नावही कळलं नाही. भीतीची कादंबरी. डोंगरावर एक जुना किल्ला. त्याचा धनी तरुण, देखणा, बोलायला गोड. फाटकावर एक दरवान, त्याचा अर्धा चेहरा आगीत जळालेला. किल्ल्यात कामाला येणाऱ्या मुली एकेक करून नाहीशा होतात, आणि पायथ्याचं गाव दरवानाकडे बोट दाखवतं.

मी किल्ल्याची गढी केली आणि बर्फाचं धुकं केलं. डुलक्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी बायका जास्त आल्या, तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतली माणसं आली. पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी मला हळूच विचारलं, "हे कोन्त्या अध्यायातलं हाय जी, गुरुजी?"

"अर्थातलं," मी म्हणालो.

दरवानाच्या चेहऱ्याचं वर्णन करायची वेळ आली. जळालेला चेहरा कसा असतो हे माझ्या ऐकणाऱ्यांना डोळ्यांपुढे आणता येणार नाही असं मला वाटलं. म्हणून मी म्हणालो, "अस्वलानं ओरबाडल्यासारखं तोंड."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

मागे, पायरीजवळ, गावाचा राखणदार बसला होता. तरुणपणी मानोऱ्याकडच्या रानात मोहाची फुलं वेचताना अस्वलानं त्याला धरलं होतं. एक डोळा गेला होता आणि गाल हनुवटीपर्यंत ओढला गेला होता. तो शिवारात उंच लाकडी माळ्यावर राहून रानडुकरं आणि हरणं हाकलायचा, आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याला धान्य मिळायचं. पोरांची त्याच्या माळ्यावर रीघ असे. मुगाच्या शेंगा खायला घालायचा, गोफण शिकवायचा. पोरांनी गालाचं विचारलं की म्हणायचा, "अस्वलीनं पापा घेतला रे. मले म्हने लग्न कर. मी नाही म्हनलं, तं रागावली." पोरं हसून लोळायची.

ते वाक्य मी सहज बोलून गेलो असं मला म्हणता येणार नाही. तोंडातून निघण्याआधी तो पायरीजवळ बसलेला मला दिसला होता. माना वळल्या तेव्हा अंगावर जो काटा आला, तो आनंदाचा होता. देवळात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

पुढचे दिवस मी दरवानालाच रंगवत बसलो. त्या कादंबरीत खरी गोष्ट अगदी शेवटी होती. मुलींचा घात करणारा तो देखणा धनीच असतो. पण मला त्या पुस्तकात धरून ठेवलं होतं ते या उलगड्यानं नव्हे. तो धनी मुळात दुष्ट नसतो. एकदा रागाच्या भरात त्याचा धक्का लागून एक मोलकरीण जिन्यावरून पडून मरते. तो घाबरतो, गप्प बसतो. लोक दरवानावर संशय घेतात आणि तो त्यांना घेऊ देतो. तिथून पुढे त्याला प्रत्येक वेळी गप्प बसणं सोपं जातं. हे सगळं मला माहीत होतं. मी ते ऐकणाऱ्यांपासून राखून ठेवलं, कारण भीती संपली की माणसं उठून जातील.

मधल्या काळात पोरं माळ्याकडे जायची थांबली. निंदायला जाणाऱ्या बायका त्याच्या माळ्याजवळच्या बांधावरून न जाता लांबून वळसा घालू लागल्या. एका सकाळी राखणदार शाळेपुढे येऊन उभा राहिला. आतली पोरं भिंतीला चिकटली.

"गुरुजी, त्या दरवानाचं पुढं काय होते?"

"ऐकायला येतोस ना? कळेल."

"तसं नाही जी. तो चांगला निंगते का वंगाळ? चांगला निंगत असन तं आजच सांगून टाका. लोकं माह्याकडं पाहून राह्यले."

मी हसलो. "अरे, ती गोष्ट आहे. तुझा काय संबंध?"

"गोष्ट कशी? पोथीत हाय ना?"

तेव्हा मला कळलं की त्यालाही ते खरंच वाटत होतं. एवढंच नाही, आपल्यासारख्या तोंडाच्या माणसाचं पोथीत काय झालं, हे त्याला स्वतःसाठी जाणून घ्यायचं होतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "रंग भरत आलाय. चार दिवस थांब."

चार दिवस त्याला मिळालेच नाहीत. दुसऱ्याच दिवशी दुपारी एक लहान मुलगी आईला भाकर द्यायला वावरात निघाली होती. वाटेत राखणदार समोर आला. ती किंचाळून पळत सुटली आणि नाल्याच्या कपारीवरून खाली पडली. हात मोडला. त्यानं तिला उचलून गावात आणलं. गावानं पाहिलं ते एवढंच, की पोरीच्या कपाळावरून रक्त वाहतंय आणि ती त्याच्या हातांत आहे.

चावडीपुढे माणसं जमली. मुलीचा बाप सगळ्यांच्या पुढे होता. राखणदार मधोमध उकिडवा बसला होता.

"काहून उचललं रे तू तिले?" कुणीतरी ओरडलं.

"मंग काय नाल्यात ठेवू? लेकरू पडलं होतं."

"पडलं का पाडलं?"

"अर्धं तोंड अस्वलानं खाल्लं, अन् आता हा लेकरं खायाले निंगाला," दुसरा म्हणाला. काही जण हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

पाटील विचारी माणूस होता. त्यानं हात वर केला आणि माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी सांगा. पोथीतला तो दरवान, तो खराच तसा होता का? तुमी म्हनान तसं."

राखणदारानं आपला एक डोळा माझ्यावर लावला. त्या डोळ्यात भीती नव्हती. आता गुरुजी शेवट सांगतील, अशी त्याला खात्री होती.

मी मनात शब्द जुळवले होते. ही पोथी नाही, एका साहेबानं रचलेली कादंबरी आहे, आणि तिच्यातही दरवान निर्दोष आहे. एवढंच बोलायचं होतं. मग दिसू लागलं पुढचं. उघड्या पोथीपुढे इंग्रजी कादंबरी सांगितली म्हणून पोथी वाचणारे म्हातारे माझ्याकडे कसे बघतील, बायका काय म्हणतील, शाळेच्या साहेबांकडे तक्रार जाईल.

"पोथीतलं मी काय सांगू," मी म्हणालो. "गावानं आपल्या विचारानं ठरवावं."

गावानं ठरवलं, त्यानं गाव सोडायचं. राखणदार उठला, गोफण कमरेला खोचली आणि मानोऱ्याच्या वाटेला लागला. मूग काढणीला आले होते. सुगीचं धान्य त्याला मिळायचं होतं, त्याचीही वाट त्यानं पाहिली नाही.

संध्याकाळी पोथी लागली. लोकांनी विचारलं, "मंग दरवानाचं काय झालं जी?" आणि मी, चावडीवर गप्प बसलेलो मी, तिथे मात्र बोललो. "त्याला गावाबाहेर काढलं," म्हणालो, "आणि गाव सुखी झालं." म्हाताऱ्यांनी फडकं बांधलं. माणसं समाधानानं घरी गेली.

पुढे माझी बदली झाली. लग्न झालं, मुलं झाली, केस पिकू लागले. मी पुन्हा कधी पोथीचा अर्थ सांगायला बसलो नाही. कुणी आग्रह केला तर घसा धरल्याचं सांगायचो. त्या किल्ल्याच्या धन्याची आठवण मात्र वारंवार यायची. एकदा गप्प बसलेला माणूस पुढे किती सहज गप्प बसतो, हे मी माझ्याच घरात, माझ्याच शाळेत पाहत होतो. वरच्या साहेबानं एका शिपायावर खोटा आळ घेतला तेव्हा मी कागद चाळत राहिलो होतो.

गेल्या वर्षी मंगरूळच्या बाजारात एक बाई समोर आली. कडेवर मूल. "वळखलं का, गुरुजी?" तिनं आपला वाकडा जुळलेला हात पुढे केला.

मी तिची चौकशी केली. जाता जाता ती म्हणाली, "रडाले लागला का मी याले तुमचाच दरवान सांगतो जी. लगेच गप होते." मग जरा थांबून म्हणाली, "पर एक सांगू? त्या राखणदारानं मले काही केलं नोतं. मीच भेली. नाल्यातून उचलून आनताना तो मले म्हने, 'रडू नको माय, अस्वलीनं तुहा पापा नाही घेतला.' मी बापाले सांगतलं होतं. बाप म्हने, तू लहान हायेस, पोथी काय खोटी हाय?"

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? जा त्याच्याकडे."

मानोऱ्याच्या पलीकडे एका लाकडाच्या वखारीवर तो सापडला. रात्री लाकडं राखायचा. म्हातारा झाला होता. ऐकायला कमी येत होतं, म्हणून मला माझा गुन्हा मोठ्यानं सांगावा लागला. गाडीवान, हमाल, सगळे ऐकत होते. ते ठीकच झालं. गोष्ट कादंबरीतली होती, दरवान निर्दोष होता, मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, असं सगळं सांगून मी त्याच्या पायांवर हात ठेवला.

त्यानं पाय मागे घेतले.

"म्हन्जे तो चांगला निंगाला?"

"हो."

"कवापासून मालूम होतं तुमाले?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यानं बिडी पेटवली. पहिली काडी विझली, दुसरी लागली. "मी इतके वर्सं समजत होतो का पोथीतच तसं हाय. माह्या नशिबाचं लेहेलं हाय. देवावर रागावलो मी, गुरुजी. तुमच्यावर नाही."

मी म्हणालो, "मला माफ कर, दादा."

"मले माफी मांगून काय होते जी? मी काई केलं नाही हे मले पयलेच मालूम होतं. ज्यायले मालूम नाही, त्यायले जाऊन सांगा. चावडीवर सांगा. ते पोथीवाले म्हातारे अजून जिते असतीन तं त्यायच्याम्होरं सांगा."

"तू येशील?"

"मी कायले येऊ? गाव सोडून निंगालो तवा तुमी आले होते का माह्यासंगं?" एवढं बोलून तो उठला आणि ओंडक्यांच्या मागे गेला. मी थांबलो, पण तो परत आला नाही.

पुढच्या रविवारी मी त्या गावी गेलो. जुना पाटील गेला होता, त्याचा मुलगा पाटीलकी पाहत होता. त्याला सांगितलं, चावडीपुढे माणसं जमव. पोथी वाचणारे म्हातारे नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले, दिसत नव्हतं त्यांना. ती बाई माहेरी आली होती, तीही ओट्याशी येऊन उभी राहिली. तिचा बाप खाली मान घालून बसला होता. कुणीतरी मला बसायला घोंगडी टाकली. मी बसलो नाही. राखणदार त्या दिवशी जिथे बसला होता, साधारण तिथे उभा राहिलो. मग गुडघे टेकून मी जे बोललो ते असं:

"मी तुम्हाला पोथी उघडी ठेवून एक कादंबरी सांगितली. ती पोथी नव्हती. तिच्यातल्या दरवानानं काही केलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आपल्या राखणदारानंही काही केलं नव्हतं. त्यानं तुमची पोर नाल्यातून उचलून आणली होती. पाटलांनी मला विचारलं तेव्हा मी माझी लाज राखली आणि त्याला जाऊ दिलं. दोष तुमचा नाही, पोथीचा नाही, माझा आहे. मी त्याचा अपराधी आहे आणि तुमचाही. मला माफ करा."