एकभावशेठचा दुसरा भाव

त्यांना सगळे एकभावशेठ म्हणत. हे नाव कौतुकाने पडलं होतं की वैतागाने, सांगणं कठीण. बटणं, रिळं, चेन, हूक, लेस, अस्तर असल्या बारीकसारीक मालाचं त्यांचं दुकान, आणि तिथे घासाघीस करायला गेलेलं माणूस हात हलवत परत येई. एकदा तोंडातून गेलेला भाव शेठ कुणासाठी खाली आणत नसत, मग समोर सख्खी मेहुणी का असेना. मेहुणीने एकदा फणकाऱ्याने सांगितलं होतं, यांच्याकडून बटण घेण्यापेक्षा सदऱ्याला टाचणी लावलेली बरी. शेठना त्यात काही लागलं नाही. उलट ही गोष्ट ते गिऱ्हाइकांना हसून सांगत.

बायको गेल्यावर ते हसणंही आटलं. मुलगा दुकानातच असे, पण मागच्या टेबलावर, कॉम्प्युटरसमोर. तो बोले ते मालाबद्दल आणि हिशेबाबद्दल. पोरगा वाईट नव्हता, कामाचा होता. पण बापाला दिवसभरात दोन शब्द बोलायला कुणी लागतं, हे काही कॉम्प्युटरात दिसत नाही.

ते दोन शब्द शिवणताईंशी होत. त्या घरीच शिवणकाम करत. पडदे, गणवेश, मुलींचे झगे, जे येईल ते. आठवड्यातून एकदा, दुपारच्या निवांत वेळी यायच्या. कापडाचा तुकडा काउंटरवर पसरायचा, त्यावर रिळं मांडायची, मग दोघांनी दारात उजेडाला जाऊन रंग जुळतो का ते बघायचं. शेठ म्हणायचे जुळतो, शिवणताई म्हणायच्या नाही. रंग जुळेपर्यंत अर्धी दुपार जाई, आणि त्यात ताईंच्या गुडघ्यांपासून शेठच्या बेचव जेवणापर्यंत सगळं बोलून होई. शेठ त्या दुपारची आठवडाभर वाट बघत. कुणी तसं म्हटलं असतं तर मात्र खवळले असते.

शिवणताईंनी कधी उधार नेलं नाही. शेठनी एकदा सुचवलं, तर त्या म्हणाल्या, "नको भाऊ. उधारी झाली की माणूस रस्ता बदलून जायला लागतो." त्यांची गिऱ्हाइकं कपडे घालून, मिरवून, सावकाश पैसे देणारी. म्हणून त्यांनी क्रेडिट कार्ड घेतलं. माल आज न्यायचा, बँकेला महिन्याभराने द्यायचे. त्या स्वतःच कार्ड मशीनला लावत आणि शेठ पिनचे आकडे दिसू नयेत म्हणून पार मागे वळून लेसच्या कपाटाकडे बघत उभे राहत.

मग एके दिवशी मुलाने काउंटरवर पाटी लावली. कार्डाने पैसे दिल्यास शंभरामागे दोन जास्त.

"ही कसली पाटी?" शेठनी विचारलं.

"बाबा, प्रत्येक वेळी बँक आपल्यातून कापून घेते. रिळामागे आपल्याला सुटतं काय? त्यातलंही बँकेला दिलं तर खायचं काय?"

"पण एका वस्तूचे दोन भाव झाले की."

"मग सगळ्यांचाच भाव वाढवू? रोख देणाऱ्यांनी काय पाप केलंय?"

हिशेब सरळ होता आणि पोरगा खोटं बोलत नव्हता. शेठ पाटीप्रमाणे पैसे घेऊ लागले, पण घेताना त्यांचा आवाज खाली जाई, जणू कुणाच्या खिशात हात घालतोय. गिऱ्हाइकं कुरकुरत. एकाने तोंडावर सांगितलं, की शेठ, तुमचं नाव आता बदलायला हवं.

शिवणताई आल्या, पाटी वाचली आणि अस्तराचा तागा हातातून खाली ठेवला.

"आता आम्हालाही लागणार का हे, भाऊ?"

शेठ म्हणाले, "छे. ही नव्या गिऱ्हाइकांसाठी आहे. जुन्यांना नाही."

आयुष्यात भावावरून ते पहिल्यांदा खोटं बोलले, आणि इतकं सहज बोलले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्या गेल्यावर त्यांनी खिशातून वरचे पैसे काढून गल्ल्यात टाकले. मुलाला ताकास तूर लागू दिली नाही. पुढे दर आठवड्याला तेच चाललं. खरं सांगायचं तर त्या पैसे टाकण्यात शेठना सुख होतं. कुणासाठी तरी काही करतोय, एवढंच. बायको गेल्यापासून ते राहून गेलं होतं.

हे मोडायला एक दुपार पुरली. त्या दिवशी कोपऱ्यावरची टेलरीण आधी आली. तीही शेठकडे वर्षानुवर्षं येणारी. तिने अस्तर घेतलं, कार्ड लावलं, शेठनी शंभरामागे दोन घेतले. ती पिशवीत माल भरत होती तोवर शिवणताईंनी तेच अस्तर, तेवढंच घेतलं. मशीनवर आकडा उमटला. टेलरणीची नजर सुईत दोरा ओवणारी, ती चुकते कशाला.

"शेठ, माझ्याकडून वरचे घेतलेत. यांच्याकडून का नाही?"

शेठ काहीही बोलू शकले असते. विसरलो म्हणाले असते, मशीन बिघडलंय म्हणाले असते. पण खोटं बोलायची सवय नसली की ऐन वेळी खरं तोंडातून निसटतं.

"यांची गोष्ट वेगळी आहे," ते म्हणाले.

टेलरीण नुसती "बरं" म्हणाली आणि गेली. शिवणताई जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्ही म्हणालात जुन्यांना नाही."

शेठनी मान खाली घातली.

"मग ते पैसे कोण भरत होतं?"

"तेवढ्याने काय होतंय, ताई?"

"मला विचारायचं तरी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर शेठना बरं वाटलं असतं.

टेलरणीने ती गोष्ट तिखटमीठ लावून घरोघरी पोचवली. एकभावशेठ, ज्याने मेहुणीला एक पै सोडली नाही, तो एका बाईला सोडतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. शेठना हे मुलाकडून कळलं. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, "बाबा, तुमचं ठीक आहे. पण त्या एकट्या राहतात. लोक त्यांच्याकडे कपडे टाकायला पोरीबाळींना पाठवतात." शेठनी त्या रात्री अन्नाला हात लावला नाही.

शिवणताईंची दुपार आली आणि गेली. पुढचीही गेली. शेठ दारात उभे राहून रस्त्याकडे बघत आणि मग, कुणी बघेल म्हणून, आत येत.

त्या आल्या त्या एकदम सकाळी, ऐन गर्दीत. काउंटरला चारपाच जणं होती. शिवणताई रांगेत थांबल्या. नंबर आल्यावर त्यांनी कापडाचा तुकडा काढला नाही. दोन रिळं आणि अस्तर मागितलं, नेहमीच्या निम्मं. पहिल्या रिळाचा रंग त्यांनी तसाच पत्करला, उजेडात नेलाच नाही. शेठच्या मनात आलं, सांगावं की हा नाही जुळणार. पण मागे माणसं उभी होती.

पर्स उघडून त्यांनी नोटा काउंटरवर ठेवल्या.

"पावती द्या," त्या म्हणाल्या. मागच्यांनाही ऐकू गेलं.

एवढ्या वर्षांत त्यांनी कधी पावती मागितली नव्हती. शेठनी पावतीपुस्तक शोधलं, कार्बन घातला, तारीख टाकली. नावाच्या रेघेवर पेन आलं आणि थांबलं. ताई सोडून त्यांना कधी कशाने हाक मारली नव्हती. कार्डावर नाव असणार, पण शेठनी ते कधी वाचलं नव्हतं. ताईंच्या गुडघ्यांचं दुखणं त्यांना ठाऊक होतं, नाव नाही.

"नाव काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं.

शिवणताईंनी त्या सकाळी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"रोख लिहा," त्या म्हणाल्या.

शेठनी तसं लिहिलं आणि पावती फाडून दिली.