वाचता आलं नाही, असं सांगण्याचं काम

मी माहितीपत्रकं लिहिते. मिक्सर झाले, कूलर झाले, पाण्याच्या मोटारी झाल्या. मागच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने कागद वाचणाऱ्या अवजाराचं काम दिलं. कागदाचा फोटो दिला की हे अवजार त्यातली अक्षरं काढून देतं. पण ते माहितीपत्रक माणसाने वाचायचं नव्हतं. वाचणार होता एआय एजंट, म्हणजे आपण सांगू ती कामं परस्पर उरकणारा संगणकातला गडी. अवजार कधी उचलायचं, कसं चालवायचं, अडलं तर काय करायचं, हे तो माझ्या मजकुरावरून शिकणार होता.

आता आम्ही पडलो नागपूरचे. पहिल्या खर्ड्याची सुरुवात मी ‘आपलं मनःपूर्वक स्वागत’ अशी केली. पुण्याच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, “त्याला स्वागत नकोय, सूचना हवीय.” मग ‘गरजेपुरती पानं वाचावीत’ असं लिहिलं, तर गड्याने एका जाडजूड अहवालाचं मुखपृष्ठ तेवढं वाचलं आणि अहवाल उत्तम आहे असं कळवून टाकलं. माझं डोकंच फिरलं. इतका शब्दाला चिकटणारा प्राणी आमच्या सोसायटीच्या सचिवांनंतर मी दुसरा पाहत होते.

तरी मी हे काम मनावर घेतलं, ते बाबांसाठी. त्यांची नजर गेली होती. कडेकडेचं दिसे, मधलं दिसत नसे. प्रताप नगरच्या आमच्या घरात पेपरवर पहिला हक्क त्यांचा असायचा. आता ते तो नुसता मांडीवर घेऊन बसत, आणि मला ते बघवत नसे. बाबांचं वाचणं त्यांना परत मिळवून द्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. कंपनीला विचारून मी तो एजंट घरच्या संगणकावर बसवला. कागद समोर धरायचा, तो मोठ्याने वाचून दाखवायचा.

वीजबिल झालं, लग्नपत्रिका झाल्या. बाबा खुश होते. “आवाज तं सरकारी आहे, पण वाचते चांगलं,” म्हणाले. मग एका दुपारी त्यांनी डोळ्याच्या डॉक्टरांचा कागद काढला.

“पाह्य वं, शेवटच्या ओळीत काय लिवलं आहे?”

गडी म्हणाला, “उपचार चालू ठेवल्यास दृष्टी हळूहळू पूर्ववत होईल.”

मी उडीच मारली. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच. बाबा म्हणाले, “वा! लय चांगलं झालं.” मी लगेच शिरा केला, शेजारीही वाटला.

संध्याकाळी कागद आवरताना ती ओळ नीट पाहिली. ओळ कसली, एक आडवी रेघ आणि तिला शेपूट. यातून एवढं शुद्ध वाक्य निघालंच कसं? मी गड्याच्या कामाच्या नोंदी उघडल्या. अवजाराने इमानदारीत कळवलं होतं की ओळ वाचता आली नाही. पुढचा पराक्रम गड्याचा होता, आणि तो माझ्याच एका सूचनेबरहुकूम होता: ‘काहीही झालं तरी विचारणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवू नये.’ दारी आलेल्या माणसाबद्दल आपण जे म्हणतो, ते मी यंत्राला शिकवून ठेवलं होतं. घरात काही नसलं तर आम्ही हातावर साखर ठेवतो. त्याने बाबांच्या हातावर हे वाक्य ठेवलं.

मजकूर लगेच बदलला. ‘वाचता आलं नाही तर तसं स्पष्ट सांगावं. मनाने काहीही भरू नये.’ यंत्राला सांगणं सोपं होतं. बाबांच्या खोलीकडे मात्र पाय वळेना. मला स्वतःचा भयंकर राग आला होता.

सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं, आणि सांगता सांगता रडू फुटलं. बाबांनी बशीतला चहा शांतपणे संपवला.

“मले मालूम होतं,” ते म्हणाले. “डॉक्टरनं तोंडावर सांगतलं होतं, गेलं ते काही वापस येत नाही. तुह्यं यंत्र काय म्हणते, ते पाहाचं होतं मले.”

“मग काल वा वा काहून केलं, बाबा?”

“तू एवढी नाचून राहिली होती. कसं सांगू तुले?”

मी डोळे पुसले आणि विचारलं, “मग काढून टाकू का ते?”

“काहून काढतं? बिलं वाचाले राहू दे. पण पेपर तूच वाचत जा बेटा. ते नुसतं वाचत सुटते. मधात थांबून कोणाले शिव्या देत नाही. एकट्यानं शिव्या द्याले मजा येत नाही मले.”

त्या दिवशी आम्ही पहिल्या पानाच्या पुढे गेलोच नाही.