आगलावे आडनाव आलं कुठून?

भूत-पिशाच्चाचा विषय निघाला की मी चहा मागवून विषय बदलणारा माणूस. उंब्रजला वायरिंगची कामं घेतो. शॉर्टसर्किट सोडून कशाला भीत नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात कुंडलला जे घडलं ते... सांगतोच.

आमचं आडनाव आगलावे. (अशा माणसाला वायरिंग कोण देतं, विचारू नका.) मुलाला रहिमतपूरची मुलगी पसंत पडली, सगळं जमलं — पण तिच्या आत्याबाई अडून बसल्या. "आगलाव्यांच्या घरात पोरगी? नावातच भांडण हाय!"

मुलगा म्हणाला, "पप्पा, गॅझेटमध्ये आडनाव बदलून टाकू."

मला ते झोंबलं. बदलायचं तर बदलू, पण आधी आलं कुठून ते तरी कळू दे! मूळ गाव कुंडल, एवढंच वडील सांगायचे. मिलिटरीतून रिटायर झालेल्या चुलतभावाला, बापूला, घेऊन निघालो.

भर दुपारी देवळाजवळच्या लिंबाखाली दोघं शेजारी टेकलो. समोर एक म्हातारी शेंगा फोडत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आगलाव्याचा न्हवं का रं तू?"

"व्हय आजी. कसं वळखलं?"

"नाकावरनं. तुज्या पणज्याच्या बापानं गाव जगवलं. झडीच्या पावसात समद्यांच्या चुली इझल्या. ह्यानं एकट्यानं इस्तू राखला, आन् पळत दारोदार चुली लावून दिल्या. म्हनून आगलावे."

मूठभर शेंगा दिल्या. पाया पडताना तिचे पाय मुद्दाम बघितले — सरळ होते.

गाडीत बसलो तर बापूचं तोंड उतरलेलं.

"काय रं? म्हातारी किती गोड बोलली!"

"कुठली म्हातारी? पटकेवाला म्हातारा हुता की! म्हनला, तुमच्या पणज्याच्या बापानं कडब्याची गंजी पेटवली आन् उंब्रजला पळाला. म्हनून आगलावे."

बापूच्याही खिशात शेंगा होत्या!

तसेच मागं फिरलो. लिंबाखाली कुणी नाही, एक टरफलसुद्धा नाही. समोरचा चहावाला म्हणाला, "म्हातारी न्हाई, म्हातारा न्हाई. आवं, तुमी दोघंच हुतासा. दोघं बी समोर बघून बोलत हुतासा... मला वाटलं, कानात मोबाईलची बोंडकं असतील."

रहिमतपूरला फक्त चुलीची गोष्ट सांगायची, असं मी बापूला बजावलं होतं. पण "फौजी खोटं बोलत न्हाई" म्हणत त्यानं गंजीही सांगून टाकली. आत्याबाईंनी पदर सावरला. आता उठणार, एवढ्यात मुलगीच आतून बाहेर आली.

"आत्या, मानूस एकच असंल की. इस्तू घिऊन पळताना छपराखालच्या कोरड्या गंजीवर ठिणगी पडली असंल. कुनी पेटल्याल्या चुली ध्यानात ठेवल्या, कुनी जळल्याली गंजी, एवढंच."

आत्याबाईंनी सावरलेला पदर तोंडाला लावला. मग फसकन हसल्या. "लगीन व्हायच्या आदीच ही आगलाव्यांची झाली गं बाई!"

लग्न झालं, आडनाव तेच राहिलं. त्यानंतर मी दोनदा कुंडलला जाऊन आलो, कुणी भेटलं नाही. बापू म्हणतो, ऊन लागलं असंल. अरे, पण एकाच झाडाखाली बसलेल्या दोघांना दोन तऱ्हेचं ऊन कसं लागेल? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा — फक्त आत्याबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका.